सेनिओचे बांध

एप्रिल आला की तिकडे महाराष्ट्रात, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या भारतीय फौजेतून इटलीत लढलेल्या नामदेव जाधवांचा फोटो फिरू लागतो आणि खाली दोन तट पडतात. एक म्हणतो, मराठ्यांनी इटली सोडवली. दुसरा म्हणतो, गोऱ्यांची चाकरी केली. इकडे इटलीत २५ एप्रिलला मुक्तिदिन, त्यात मान पार्टिझन लढवय्यांचा, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढलेल्या स्थानिक बंडखोरांचा. तोही रास्तच. पण लढाई संपली कशी, हे दोन्हीकडे फारसं कुणी विचारत नाही.

जाधव जिथे लढले ती उत्तर इटलीतली सेनिओ नदी पाहिली तर आपल्याकडे तिला ओढाच म्हणतील. अडचण पाण्याची नव्हती, दोन्ही काठांवरच्या पूरबांधांची होती. घराएवढे उंच बांध जर्मनांनी आतून पोखरून त्यात मशीनगन बसवल्या होत्या. समोरून डागलेला गोळा मातीत रुतायचा, नाहीतर वरून निघून जायचा.

९ एप्रिल १९४५च्या दुपारी दोस्त राष्ट्रांची सुमारे ८२५ जड बाँबर विमानं आली. बाँब मुद्दाम हलके, तुकडे उडवणारे. मोठ्या बाँबचे खड्डे आपल्याच रणगाड्यांना आडवे आले असते. मग तोफा: मारा, थांबा, पुन्हा मारा. मारा थांबला की हल्ला आला समजून जर्मन जागेवर यायचे आणि पुढच्या गोळ्यांत सापडायचे. संध्याकाळी ७.२० वाजता विमानं बाँब न टाकता नुसती डोक्यावरून गेली. जर्मन खाली दबलेले असतानाच पायदळ निघालं, सोबत आग फेकणाऱ्या गाड्या.

एवढं करूनही काही मशीनगन शाबूत राहिल्या. नगर जिल्ह्यातले जाधव पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये कंपनीचे निरोपे होते. त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग हात जखमी झाल्यावर टॉमीगन टाकून ग्रेनेडनी चौक्या मोडल्या. या पराक्रमाला उणं आणायची गरज नाही. मात्र इटली एका बांधावर सुटली नाही.

जर्मन फौज मोडली ती पुढे, पो नदीवर. तिथले पूल विमानांनी आधीच पाडलेले, पेट्रोलची टंचाई, आणि वेळेत मागे सरायला हिटलरची मनाई. सेनिओवरची जर्मन फळी फुटली, १४ एप्रिलला अमेरिकी पाचवी फौज डोंगरांतून निघाली, २१ला बोलोन्या शहर पडलं. जर्मन पोपर्यंत पोचले तेव्हा अवजड सामान पलीकडे न्यायला पुलच नव्हते. रणगाडे, तोफा दक्षिण काठावर टाकून माणसं होड्यांनी, पोहत गेली.

म्हणून ‘चाकरी’ हा शब्द मला अपुरा वाटतो आणि ‘आम्हीच जिंकलो’ हा पोकळ. सेनिओवर न्यूझीलंडचे सैनिक होते, पोलिश होते. आपल्याच विमानांचे काही बाँब पोलिशांवर पडले. इटलीतल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी (ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक) ६ भारतीय फौजेतल्या सैनिकांचे, त्यात एक जाधवांचा, हे मात्र इथल्या शाळकरी मुलांनाही सांगायला हवं.

शरणागतीसाठी हिटलरच्या एसएस दलाच्या जनरल वोल्फची माणसं मार्चपासून स्वित्झर्लंडमध्ये अमेरिकनांशी गुपचूप बोलत होती. बोलणी रखडलेलीच होती. २९ एप्रिलला दक्षिण इटलीतल्या कासेर्ताला दोन जर्मन अधिकारी साध्या कपड्यांत येऊन शरणागतीवर सही करून गेले, तोवर पोच्या दक्षिणेला लढायला फौज उरली नव्हती.