साखर चवीपुरती नाही
जुलाबात पाजायच्या जलसंजीवनीवरचा (ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी) तुमचा लेख छान आहे, पण ‘जलसंजीवनीत साखर चवीसाठी आणि ताकदीसाठी घालतात’ हे वाक्य कृपया बदला. आतड्याच्या पेशींच्या पटलात एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजच्या (साखरेच्या) एका रेणूबरोबर मिठातल्या सोडियमचे दोन आयन आत ओढतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी परासरणाने, म्हणजे पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे, पेशीत शिरतं. जुलाबात नुसतं मीठपाणी फारसं शोषलंच जात नाही. कॉलऱ्यातही हा वाहक शाबूत असतो. म्हणूनच १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस हे पाणी पिंपांतून पाजून माणसं वाचवू शकले.

आणि प्रमाणाबद्दल लिहाच. माझी लेक दोन वर्षांची असताना तिला जुलाब लागले. घाईत मी जलसंजीवनीची एक लिटरची अख्खी पुडी एका पेल्यात कालवली. जुलाब वाढले. नर्सताईंनी ते पाणी चाखून पाहिलं. म्हणाल्या, “अहो, इतक्या घट्ट पाण्याने उलट तिच्याच अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जातंय.” मग नवी पुडी, मोजून एक लिटर पाणी, दर दोन मिनिटांनी एक चमचा. संध्याकाळी तिने शू केली तेव्हा मला रडूच आलं. पुडीवर लिहिलेलं पाण्याचं माप बघा, एवढं तरी ठळक छापा.