लोकांना अक्कल नाही, म्हणे

अफवेची बातमी आली की खाली एक कमेंट ठरलेली: 'लोकांना अक्कलच नाही.' फार सोयीचं वाक्य आहे हे. लिहिणारा आपोआप अकलेच्या बाजूला जाऊन बसतो.

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवतंय? १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना, मुलं पळवणारी टोळी समजून, जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्यांतले बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे.

त्या वर्षी देशभर फिरलेली एक क्लिप तुम्हीही पाहिली असेल. मोटरसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारं पोर उचलतात आणि पसार. मूळ फिल्म कराचीतली, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली. तिच्यात ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक धरतात. नेमका हाच शेवट कुणीतरी कापला.

कापणारा कुठला कोण. पुढे पाठवणारे मात्र आपल्याच घरातले. आमचे काका बँकेतून रिटायर झालेले, हिशेबात पैची चूक खपवून घेत नाहीत. असलं काही आलं की 'खरंखोटं माहीत नाही, आलं तसं पाठवतोय' एवढं लिहून सगळ्या ग्रुपांवर टाकतात. नातवंडांच्या काळजीपोटी! त्यांना अडाणी म्हणायची आमच्यात कुणाची टाप नाही. पण तेव्हा व्हॉट्सअॅपवर व्हिडिओच्या शेजारीच फॉरवर्डचा बाण असायचा; दाबला की झालं. खातरजमा करायची तर बाहेर पडून शोधाशोध. त्यात तीच गोष्ट चार ओळखीच्यांकडून आली की खरीच वाटायला लागते. एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की जास्त खरं वाटतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगांतून दाखवलंय.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सअॅपने खोटी माहिती कशी ओळखावी याच्या पानभर जाहिराती दिल्या. म्हणजे पुन्हा आपल्यालाच शिकवणी. पण त्याच महिन्यात त्यांनी भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं आणलं आणि तो शेजारचा बाणही काढायचं ठरवलं. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेले मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातील असं केलं. कंपनीच्याच आकड्यानुसार असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, तेही काही आठवड्यांत. एवढ्यात लोकांना अक्कल फुटली म्हणायचं का?

हे आधी करता आलं नसतं असं मला कुणी पटवून देऊ नये. किती जणांना, किती सहज पाठवता येईल हे ठरवणार ते, आणि बोल लागणार पाठवणाऱ्याला.

काकांनी यावरही तोड काढलीय म्हणा. व्हिडिओ सेव्ह करतात आणि नव्याने पाठवतात. मग 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' हा शिक्काही दिसत नाही.