केळी वाहणाऱ्यांचा व्यायाम

‘उन्हातान्हात काम करणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज नाही’ हे व्यायामावरच्या एका लेखातलं वाक्य मला अर्धंच पटलं. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळी कापणीला जाणारे मजूर बघा. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन, ओल्या सरीतून, बांधावरच्या ट्रॅक्टरपर्यंत दिवसभर ये-जा. पायांची ताकद आणि दम यांना जिमची गरज नाही, हे खरंच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते, तेवढे तर पहिल्याच दिवशी होतात.

पण घड बहुतेक वेळा एकाच खांद्यावर येतो. मान एका बाजूला कलते, कंबर दुसरीकडे, आणि वर्षानुवर्षं तेच. चाळिशीत कंबर धरून बसलेले कितीतरी गडी गावात दिसतात. खांदा आलटून-पालटून घेणं, खांद्यावर कापडाची जाड घडी ठेवणं, संध्याकाळी पाठ आणि मांड्या सावकाश ताणणं, एवढं मुकादमांनी सांगितलं तरी पुष्कळ फरक पडेल. हे त्यांनी सांगायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

खाण्याचं म्हणाल तर कळण्याची भाकरी उत्तम. ज्वारीसोबत उडीद असल्याने प्रथिनं चांगली मिळतात.

आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कापणी पहाटेच उरकावी. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यावं, घाम फार गेला तर मीठ-साखरेचं. चक्कर, उलटी, बरळणं दिसलं की सावलीत न्या, अंग ओलं करा आणि थेट दवाखाना गाठा.