आसन बिशपचं, चर्च ठाण्याचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तलावपाळीच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही तसंच द्यायला हवं. तुमचं म्हणणं असं: त्या चर्चला मी 'ठाण्याचं कॅथेड्रल' म्हटलं ते चूक, खरं कॅथेड्रल वसईच्या किल्ल्यातलं. आणि ज्या पोर्तुगीजांनी देवळं पाडली, माणसं बाटवली, त्यांच्या काळातल्या चर्चला ठाणेकराने 'आपला वारसा' का म्हणावं?

माझी चूक मान्य. तो शब्द लेखातून काढला आहे. चर्च किती मोठं किंवा किती जुनं, यावर ते कॅथेड्रल ठरत नाही. 'कॅथेड्रा' म्हणजे आसन. बिशपचं, म्हणजे एका प्रदेशातल्या सगळ्या चर्चांच्या प्रमुखाचं, आसन जिथे, ते कॅथेड्रल. ठाणे शहर मुंबईच्या आर्चबिशपांकडे येतं, म्हणून इथल्या कॅथलिकांचं कॅथेड्रल कुलाब्याचं होली नेम.

पण याच न्यायाने किल्ल्यातलं सेंट जोसेफही कॅथेड्रल ठरत नाही, सगळे तसं म्हणत असले तरी. 1534च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, पण तिथे बिशप कधी बसला नाही. त्या चर्चच्या 1601 सालच्या शिलालेखात नाव आहे ते गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांचं. वसईला स्वतःचा धर्मप्रांत मिळाला 1998 साली, आणि त्याचं कॅथेड्रल पापडीला आहे.

म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या ठाण्याच्या ख्रिस्ती माणसाचं कॅथेड्रल होतं थेट जुन्या गोव्यात: 'से' कॅथेड्रल. 1562 साली काम सुरू झालं, मुख्य इमारत पुरी व्हायला 1619 उजाडलं. बांधकाम जांभ्याचं, वर चुन्याचा गिलावा. कोकणातल्या घरादेवळांचंच हे सामान. उघडा जांभा आपल्या पावसात झिजतो, म्हणून तो पांढरा गिलावा नुसता शोभेचा नाही. समोरून पाहिलं की इमारत एका अंगाने रिकामी वाटते, कारण दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा उभा राहिला नाही. तोवर साथींनी शहर ओस पडत चाललं होतं, व्हाइसरॉयही पणजीकडे सरकला होता. उरलेल्या मनोऱ्यात मोठी घंटा आहे. तिच्या नादावरून तिला सोन्याची घंटा म्हणतात. आत सोनेरी मुलाम्याची प्रचंड वेदी, संत कॅथरीनच्या नावाची. तिचंच नाव का? तर पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने 1510 साली गोवा घेतला तो दिवस तिच्या सणाचा, 25 नोव्हेंबर.

म्हणजे ते विजयाचं स्मारकच आहे, आणि तिथे तुमचा राग मला पटतो. साष्टी-वसईत देवळं पाडली गेली, 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलं. माझ्या लेखात यावर एक ओळही नव्हती, आणि ही चूक कॅथेड्रल शब्दाच्या चुकीहून मोठी आहे. तो परिच्छेद आज जोडला.

'आपला वारसा' हे शब्द मात्र मी काढणार नाही. पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी, 1321 मध्ये, फ्रान्सिस्कन संघाचे चार ख्रिस्ती साधू ठाण्यात मारले गेले. ते उतरले होते नेस्टोरियन या पूर्वेकडच्या जुन्या पंथातल्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे; म्हणजे ख्रिस्ती घरं ठाण्यात तेव्हाही होती. पुढे पोर्तुगीज अमलात जे ख्रिस्ती झाले ते इथलेच कोळी, इथलेच शेतकरी. त्यांच्या वंशजांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं ते 1887 मध्ये, इंग्रजी अमलात, पण घरातली बोली मराठीच राहिली. देवळं पाडल्याचा जाब त्यांच्याकडे कसा मागायचा? चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेही हजारो माणसं गमावून. तरीही शरणागतीच्या अटींत, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मोकळीक त्यांनी दिली.