लिचगेटच्या छपराखाली पहारा नव्हता

इंग्लंडमधल्या जुन्या खेड्यात चर्चच्या आवाराचं फाटक कधीकधी चक्क घरासारखं उतरतं छप्पर घेऊन उभं असतं. अशा फाटकाचा फोटो आणि खाली चार ओळी, हा मजकूर गेले काही दिवस एका गटातून दुसऱ्या गटात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: हे लिचगेट मध्ययुगात प्रत्येक चर्चला असायचंच. प्रेतचोर मृतदेह पळवत, म्हणून गावकरी दोन-तीन दिवस मयत या छपराखाली ठेवून रात्रभर पहारा देत. 'लिच' म्हणजे भूत. आणि लिचफील्ड शहराचं नावही त्यावरूनच पडलं, 'प्रेतांचं शेत'. हे वाचून अंगावर काटा येतो खरा, पण यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही. जे खरं आहे आणि मला त्याहून कितीतरी मोलाचं वाटतं, ते मजकुरात आलेलंच नाही.

प्रेतचोरांपासून सुरुवात करते. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये प्रेतचोरी झाली हे खरंच. वैद्यकीय शिक्षणासाठी शवविच्छेदन वाढलं, कायद्याने मिळणारे मृतदेह अपुरे पडू लागले आणि चोरट्यांना पैसे दिसले. पण हा काळ मुख्यतः अठराव्या शतकाचा आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीचा. एडिंबरामधलं बर्क आणि हेअर यांचं प्रकरण उघडकीला आलं 1828 मध्ये, आणि ते दोघे तर कबरी उकरतही नव्हते, माणसं मारून विकत होते. 1832 च्या कायद्याने वैद्यकीय शाळांना रीतसर मृतदेह मिळू लागले आणि हा धंदा बसला. आता लिचगेटकडे बघा. आग्नेय लंडनमधल्या बेकनहॅमचं लिचगेट तेराव्या शतकातलं मानतात, हर्टफर्डशरमधल्या ॲन्स्टीचं पंधराव्या. जे चोर यायला अजून काही शतकं होती, त्यांच्या भीतीने हे छप्पर कोण घालेल?

शिवाय चोर मृतदेह नेत ते दफनानंतर, कबर उकरून. त्यामुळे बंदोबस्तही कबरीपाशीच व्हायचा. कबरीवर लोखंडी पिंजरे बसवत, दफनभूमीच्या कोपऱ्यात पहारेकऱ्यांसाठी खोली बांधत. अशा खोल्या आजही काही ठिकाणी उभ्या आहेत. लिचगेट मात्र दोन्ही बाजूंनी उघडं असतं. त्याला खांब असतात आणि वर छप्पर, बस्स.

दोन-तीन दिवस मयत फाटकात ठेवण्याचंही तसंच. मयत घरी असायचं. मध्ययुगात ते बऱ्याचदा आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये आणत, भोवती मेणबत्त्या लावत, मृतांसाठीची सायंप्रार्थना होई, आणि सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होऊन दफन. रात्र जागवली जाई ती चर्चच्या आत.

मग फाटकात काय व्हायचं? भेट. 1549 च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात दफनविधीची सुरुवातच अशी आहे की, धर्मगुरूने चर्चच्या आवाराच्या वाटेशी मयताला सामोरं जावं. 1662 च्या पुस्तकातही आवाराच्या प्रवेशापाशी भेटायचं, पुढे चालायचं आणि 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे' हे योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन म्हणायचं. म्हणजे मेलेला माणूस दारात येतो आणि त्याला घ्यायला कुणीतरी बाहेर येतं. खांदेकरी कधी मैलोन्‌मैल चालून आलेले असत. डार्टमूरच्या माळावर 'लिच वे' नावाची वाट आहे. तिथल्या विखुरलेल्या वस्त्यांना आपली मयतं लिडफर्डच्या चर्चपर्यंत न्यावी लागत. 1260 मध्ये एक्झिटरच्या बिशपने त्यांतल्या काहींना जवळच्या वाइडकमला जायची मुभा दिली. गरिबाला स्वतःची शवपेटी नसे. कफनात गुंडाळलेला देह तिरडीसारख्या चौकटीवर असे. वरून इंग्लंडचा पाऊस. धर्मगुरू येईपर्यंत टेकायला जागा हवी, डोक्यावर आडोसा हवा. काही लिचगेटच्या मध्ये ओटा असतो, तो ओझं उतरवायला, आणि दोन्ही कडेला बाकं, ती खांदेकऱ्यांना. आपल्याकडे स्मशानाच्या वाटेवर तिरडी खाली टेकवतात, खांदे बदलतात, त्या जागेला आपण विसावा म्हणतो. ज्याने एकदा तरी खांदा दिलाय त्याला लिचगेट वेगळं समजावून सांगावं लागू नये.

'प्रत्येक चर्चला होतंच' हेही चूक. पुस्तकाने भेटायला सांगितलं, छप्पर घालायला नाही. पुष्कळ ठिकाणी साधं फाटकच होतं. आज दिसणारी बहुतेक लिचगेट तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली, किंवा त्यानंतरची आहेत. मध्ययुगातल्या गॉथिक बांधकामशैलीचं पुनरुज्जीवन झालं तेव्हा वास्तुकारांनी हा प्रकार आवडीने उचलला. ग्लॉस्टरशरमधल्या कोलपिट हीथला विल्यम बटरफील्डने 1840 च्या दशकात चर्चबरोबर लिचगेटही बांधलं. पहिल्या महायुद्धानंतर तर अनेक गावांनी आपल्या मृत सैनिकांचं स्मारक म्हणून लिचगेट उभारलं. त्यांतल्या कित्येकांचे देह गावात परत आलेच नव्हते.

बांधणीतही एक ठरीव नमुना नाही. ओकचे जाड खांब, खाचा पाडून लाकडी खुंट्यांनी जोडलेले, वर कौलं, पाटीचा दगड नाहीतर शाकार, हे नेहमीचं. पण यॉर्कशरमधल्या बर्नसॉलचं फाटक मधल्या खांबाभोवती फिरतं आणि टांगलेल्या दगडाच्या वजनाने आपोआप मिटतं. वॉरिकशरमधल्या लाँग कॉम्प्टनला फाटकावर चक्क एक छोटं घर आहे. बहुधा जुन्या घराचा खालचा मजला मोकळा करून ही वाट काढली असावी. ॲन्स्टीच्या लिचगेटचा एक भाग 1831 मध्ये विटांनी बंद करून गावाची कोठडी केली गेली. पहारा म्हणायचाच तर तो असा, आणि तोही जिवंत माणसांवर.

राहिला शब्द. 'लिच' आला जुन्या इंग्रजीतल्या 'लिक'वरून, आणि 'लिक' म्हणजे देह, जिवंत किंवा मृत. प्रेताला जर्मन भाषेत 'लाइखे' म्हणतात, तो याच कुळातला. 'सारखा' या अर्थाचा इंग्रजी 'लाइक'सुद्धा त्याच मुळातून आला. एकाच देहाचा, एकाच आकाराचा तो सारखा. भूत त्यात शिरलं ते अलीकडच्या काल्पनिक कथा आणि खेळांमुळे. लिचफील्डचा तर या शब्दाशी काही संबंधच नाही. ते नाव रोमन काळातल्या लेटोसेटम या वस्तीवरून आलंय, आणि त्या केल्टिक नावाचा अर्थ करडं रान.

आणि भुताचं दार म्हणून कुणी या फाटकाला घाबरत असेल, असंही नाही. इंग्लंडच्या काही गावांत लग्न लागून जोडपं बाहेर निघालं की मुलं चर्चचं फाटक दोरीने बांधून अडवून धरतात. नवऱ्यामुलाने नाणी उधळली की मगच ते सोडतात.