खुलासा : उष्टावलेल्या आंब्यातून रेबीज होत नाही

वटवाघळांनी उष्टावलेल्या आंब्यांतून रेबीज होतो आणि कोल्हे तो गावोगाव नेतात, असा संदेश रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरत आहे. त्यातला पहिला भाग चुकीचा आहे. रेबीजचा विषाणू मुख्यतः चाव्यावाटे लाळेतून शिरतो, मज्जातंतूंवरून मेंदूपर्यंत आणि तेथून लाळग्रंथींत पोहोचतो. देठाजवळ दात उमटलेल्या, वाळलेल्या फळावर तो टिकत नाही. (उष्टे फळ तरीही खाऊ नये, पण त्याचे कारण निपाह, म्हणजे वटवाघळांच्या लाळेतून पसरणारा वेगळा विषाणू.)

संदेशातले कोल्ह्यांविषयीचे म्हणणे अर्धेच खरे आहे. काजूच्या बागेलगत, मासळीच्या टाकाऊ ढिगाऱ्यावर रात्री कुत्री आणि कोल्हे भिडतात आणि बहुधा तेथेच कुत्र्याकडून कोल्ह्याला लागण होते. आपल्याकडे या रोगाचा मुख्य साठा कुत्र्यांतच आहे. युरोपात मात्र तो लाल खोकडांत होता. म्हणून स्वित्झर्लंडने 1978 मध्ये कोंबडीच्या मुंडक्यांत लस घालून ती रानात टाकली. येथे कोल्हे मारून काहीच साधणार नाही. कुत्र्यांचे लसीकरण हवे.

कोणताही प्राणी चावल्यास जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.