काजूच्या पिशवीतली भाऊबंदकी

काजूगराची तांबडी साल हा जगातला सर्वांत हलका आणि सर्वांत निगरगट्ट पदार्थ आहे, असं माझं ठाम मत आहे. शिमग्याच्या सुमारास घाटावरून कोरडा वारा उतरला की कोकणात काजू भरायला बसावं. गर धपकन पिशवीच्या तळाला जातो. त्याच्यासोबतचं सालपट मात्र अर्ध्या वाटेत प्लॅस्टिकला चिकटतं. फुंकर मारा, समोरच्या बाजूला जाऊन बसतं. बोटाने काढा, बोटाला!

गुरुत्वाकर्षण आणि विद्युतबल हे भाऊबंद. अंतर दुप्पट झालं की दोघांचाही जोर चौथाई, इथवर घराणं एक. पुढे पटत नाही. गुरुत्वाकर्षण फक्त ओढतं आणि वस्तुमान सोडून कसलीही चौकशी करत नाही. विद्युतबल ओढतं तसं ढकलतंही, आणि विचारतं फक्त विद्युतभार किती ते.

गठ्ठ्यातून ओढताना पिशवी घासते, भारित होते. तिच्याजवळ मीटरला १ लाख व्होल्टचं विद्युतक्षेत्र सहज तयार होतं. ०.३ मिलिग्रॅमचं सालपट त्यात अधांतरी तोलायला ३० पिकोकुलोम भार पुरतो (कुलोम हे विद्युतभाराचं माप, पिको म्हणजे त्याचा लाख-कोटीवा हिस्सा), म्हणजे जेमतेम १९ कोटी इलेक्ट्रॉन. ही चिल्लर झाली! डब्ल्यू ३२० प्रतीचे गर पौंडाला ३२० बसतात, म्हणजे एकेक सुमारे १.४ ग्रॅमचा. त्याला साडेचार हजारपटीहून जास्त भार लागेल, आणि तेवढा अंगावर साठायच्या आधीच हवेत निसटून जाईल. वजन घनफळावर वाढतं, भार मावतो पृष्ठभागावर. बारक्यांत विजेची चलती ती यामुळे. सालपटावर भार नसला तरी सुटका नाही: पिशवीकडच्या बाजूला विरुद्ध भार सरकतो, तो जवळ असल्याने ओढ जिंकते.

कोरड्या फडक्याने पिशवी पुसणाऱ्यांना दंडवत. घासून ते भार वाढवतात. जुलैत प्लॅस्टिकवर ओलाव्याचा थर बसून भार आपोआप निघून जातो, पण तेव्हा उघडा गरच सादळतो.

तेव्हा गर आधी सुपात पाखडा, सालपटं तिथेच घालवा. भरण्यापूर्वी पिशवीचं तोंड दोन इंच बाहेर दुमडा, म्हणजे सील करायची आतली बाजू सालपटांच्या वाटेत येत नाही. भरून झाल्यावर दुमड उलगडा आणि मगच मशीनखाली धरा. शिवणीत एक सालपट अडकलं तरी फट राहते, दमट हवा आत शिरते आणि आठवड्याभरात गर मऊ पडतो.